कासवाला काय विचारशील? थीम पार्कमधल्या आयत्या वेळच्या विनोदी खेळांना पहिल्यांदा जाताना

ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा दिवस साधारण ठरलेला असतो. किल्ल्यासमोर फोटो, दोन-तीन मोठ्या राइडच्या लांब रांगा, दुपारी उन्हाने दमून बाकावर बसलेले आजी-आजोबा आणि रात्री फटाके. मी टॅम्पाला राहतो. तिथून ओरलँडो दीड तासावर, त्यामुळे गावाहून कोणी आलं की गाडी मीच काढतो. इतक्या फेऱ्यांनंतर माझं मत पक्कं झालंय. पाच वर्षांचं नातवंड आणि सत्तरीची आजी ज्या घरात एकत्र फिरतात, त्यांचा सगळ्यात छान वेळ राइडवर जात नाही. तो जातो दोन गार, अंधाऱ्या खोल्यांत, जिथे पडद्यावरचं पात्र समोर बसलेल्या माणसाशी खरंखुरं बोलतं.

पहिली खोली डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या टुमॉरोलँड भागात आहे. तिथे 'मॉन्स्टर्स, इंक. लाफ फ्लोअर' हा विनोदी राक्षसांचा खेळ एप्रिल 2007 पासून चालतो. दुसरी एप्कॉट या पार्कात, मोठ्या मत्स्यालयाच्या इमारतीत. तिथला 'टर्टल टॉक विथ क्रश', म्हणजे क्रश नावाच्या कासवाशी गप्पा, नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला. दोन्हींची पात्रं ॲनिमेशनची, पण आपल्याशी बोलणाऱ्या पात्राचा आवाज त्या क्षणी, त्या इमारतीत बसलेल्या जिवंत नटाचा असतो. खेळाचा आराखडा ठरलेला आणि त्यातली उत्तरं आयत्या वेळची.

मी मूळचा कुडाळचा, म्हणून हे मला पहिल्यांदा पाहतानाच ओळखीचं वाटलं. आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो, त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते नट आधी ठरवतात आणि संवाद रंगमंचावरच जुळवतात. संकासुर हा विनोदी राक्षस मालवणीत बोलायला लागला की पुढच्या रांगेतल्या कुणाची तरी पाळी येणार हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तुमच्या आजी-आजोबांनी दशावतार किंवा तमाशातली बतावणी पाहिली असेल, तर त्यांना हा प्रकार समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतात. "पडद्यावर आहे, पण सिनेमा नाही. आपण बोललो तर तो उत्तर देतो." एवढं सांगूनच त्यांना आत न्या.

पहिली पायरी: कोणता खेळ कोणत्या दिवशी

हे दोन खेळ दोन वेगळ्या पार्कांत आहेत आणि साध्या तिकिटावर एका दिवशी एकाच पार्कात जाता येतं. त्यामुळे तिकीट काढण्याआधीच ठरवा. खेळांसाठी वेगळं तिकीट नाही, पार्कचं प्रवेशशुल्क भरलं की झालं. तीन वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. दोन्हीकडे उंचीची अट नाही आणि व्हीलचेअरवरून न उतरता आत जाता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

मूल तीन ते आठ वर्षांचं असेल तर कासवाचा खेळ आधी. मोठी मुलं आणि इंग्रजी बऱ्यापैकी समजणारे पाहुणे असतील तर राक्षसांचा. पार्क एकच परवडणार असेल, तर केवळ या खेळासाठी एप्कॉट घ्या असं मी म्हणणार नाही. पण एप्कॉटला जाऊनही क्रशला न भेटता परत येणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

कॅलिफोर्नियात असाल तर क्रश तिकडेही आहे, डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये 2005 पासून. टोकियो डिस्नेसीमध्ये 2009 पासून आहे, पण तिथे तो जपानीत बोलतो. जपानची सहल आखताना हे लक्षात ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री डिस्नेच्या ॲपवर त्या दिवशी खेळ चालू आहे ना, हे बघून घ्या. डागडुजीसाठी अधूनमधून बंद ठेवतात. पैसे देऊन रांग टाळायची सोय असते, ती या दोन खेळांवर खर्च करू नका. एकेका खेळाला बरीच माणसं आत घेतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी एका फटक्यात सरकते.

दुसरी पायरी: गाडीतला सराव

तयारी दोन प्रकारची. एक सोपी: 'फाइंडिंग निमो' आणि 'मॉन्स्टर्स, इंक.' हे दोन सिनेमे आजी-आजोबांसकट घरात बघून घ्या. क्रश हे दीडशे वर्षांचं कासव आहे, त्याला स्क्वर्ट नावाचं पिल्लू आहे आणि तो समुद्राच्या प्रवाहातून फिरतो, एवढं कळलं तरी पुरे. राक्षसांच्या बाबतीत मुख्य गोष्ट अशी की त्यांच्या गावाला वीज मुलांच्या हसण्यातून मिळते. हे माहीत नसेल तर खेळात प्रेक्षकांच्या हसण्याने एवढी मोठी टाकी का भरतायत, ते कळतच नाही.

दुसरी तयारी मला जास्त महत्त्वाची वाटते. आयत्या वेळचं बोलणं ही सवय आहे आणि ती मराठीतही लावता येते. टॅम्पाहून निघालं की आम्ही भेंड्यांच्या आधी एक खेळ खेळतो. गोष्ट सांगायची, पण प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. "एकदा", "एक", "म्हातारी", "विमानात", "चढली". पुढचा शब्द आपल्या मनाजोगा येईलच असं नाही, आला तो घेऊन पुढे जायचं. बुजरी मुलं यात पहिल्यांदा तोंड उघडतात, कारण एका शब्दात चूक होण्यासारखं काही नसतं.

असे खेळ या सगळ्या कलेच्या मुळाशी आहेत. शिकागोत व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी 1930 च्या दशकाअखेर स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळ रचले. मुलं वेगवेगळ्या भाषांच्या घरांतली होती, व्याख्यान देऊन त्यांना नाटक शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून खेळ. पुढे त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स 1959 मध्ये शिकागोच्या 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. आज अमेरिकेत जिथे जिथे आयत्या वेळचा विनोद चालतो, तिथे या खेळांची छाप आहे. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: ही कला मुळात इंग्रजी पक्कं नसलेल्या मुलांना बोलतं करण्यासाठी वाढली. तेव्हा "आमच्या मुलाला इंग्रजी नीट येत नाही, त्याला कशाला पुढे बसवायचं" असं म्हणू नका.

तिसरी पायरी: वेळ

दुपारी दोन ते चार. फ्लोरिडात उन्हाळ्यात याच सुमाराला आभाळ भरून येतं, विजा कडाडल्या की बाहेरच्या राइड थांबवतात आणि सगळं पार्क आडोसा शोधायला लागतं. ढग दिसू लागले की लगेच रांगेत लागा, पाऊस सुरू झाल्यावर नको. सकाळचा पहिला तास मात्र या खेळांवर घालवू नका, तो मोठ्या राइडसाठी ठेवा. मुलाची दुपारची झोप मोडायची नसेल तर जेवणाच्या आधीची वेळ गाठा. झोपाळलेलं मूल कासवाशी बोलत नाही.

चौथी पायरी: कुठे बसायचं

कासवाच्या खोलीत अगदी पुढे मोकळी जमीन असते, तिथे मुलांनी खाली बसायचं आणि मोठ्यांनी मागच्या बाकांवर. पहिल्यांदा आलेले आई-बाबा मुलाला सोडायला कचरतात. खोली लहान आहे, तुम्ही त्याला पूर्ण वेळ बघू शकता, सोडा. मूल फारच बिचकत असेल तर बाकांच्या सगळ्यात पुढच्या ओळीत मांडीवर घेऊन बसा. प्रश्न विचारायची संधी प्रामुख्याने पुढे बसलेल्या मुलांना मिळते.

राक्षसांच्या खेळात कुठेही बसलात तरी कॅमेरा तुम्हाला शोधू शकतो. गडद, साध्या कपड्यांतली माणसं सुटतात असं नाही, पण भडक शर्ट, मोठी टोपी, मिशा किंवा सारखे टी-शर्ट घातलेलं अख्खं कुटुंब नजरेत लवकर भरतं. काठाची किंवा जरीची साडी नेसलेली आजी तर हमखास. पडद्यावर यायचं असेल तर मधल्या ओळी धरा, नको असेल तर बाजूच्या टोकाच्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काही माणसांना स्वतःचा चेहरा अचानक भिंतीएवढा दिसलेला सहन होत नाही, त्यांच्या मनाचा मान राखा.

पाचवी पायरी: कासवाशी बोलताना

पडद्यावर समुद्र, त्यात पोहत येणारा क्रश आणि त्याच्या समोर तीस-चाळीस मुलं. तो आधी सगळ्यांना आपली भाषा शिकवतो. हाताला 'फिन' म्हणायचं, म्हणजे पर, आणि अंगातल्या शर्टाला 'शेल', म्हणजे पाठीवरचं कवच. मग तो बोलावतो: निळ्या कवचातली ती छोटी, तू सांग. सूत्रसंचालक माइक घेऊन त्या मुलाजवळ जातात, नाव विचारतात आणि मूल प्रश्न विचारतं.

म्हणून पहिला नियम: आज मुलाने कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय हे त्याला इंग्रजीत माहीत असू द्या. साधी गोष्ट आहे, पण "यलो शेल" ऐकून आपल्यालाच बोलावलंय हे कळायला वेळ लागला की बाजूचं मूल बोलून जातं.

दुसरा नियम प्रश्नाचा, आणि यात मी चुकलोय. माझ्या पुतण्याला मी गाडीत एक सुरेख इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं होतं. संधी आली, माइक तोंडासमोर आला, वाक्यातला तिसरा शब्द आठवेना आणि तो रडवेला होऊन खाली बसला. वाक्य माझं होतं. त्यानंतर मी कधीच कुणाला प्रश्न पाठ करून देत नाही. आदल्या रात्री मराठीत विचारतो, "कासव भेटलं तर काय विचारशील?" आणि जे येईल ते ऐकून घेतो. तू झोपतोस कुठे? तुला दात आहेत का? तुझी आई कुठे आहे? पुढच्या वर्षी त्याच पुतण्याने विचारलं की तू शाळेत जातोस का. हे प्रश्न मुलाचे स्वतःचे असतात, त्यामुळे ते विसरत नाहीत. चार शब्दांचं मोडकंतोडकं इंग्रजी पुरतं. नटाचं कौशल्यच त्यात आहे: अर्धवट ऐकू आलेल्या वाक्यातून प्रश्न उचलायचा आणि मुलाला मोठं वाटेल असं उत्तर द्यायचं.

पडद्यामागे काय चालतं ते मोठ्यांना सांगतो, हा भाग मुलांना वाचून दाखवू नका. आत बसलेला नट कॅमेऱ्यातून तुम्हाला बघत असतो, तोच बोलतो, आणि त्याच्या हातातल्या नियंत्रणांवरून क्रशचे पर, मान आणि चेहरा त्याच क्षणी हलतात. कळसूत्री बाहुलीच, फक्त दोऱ्यांच्या जागी संगणक. म्हणूनच कासव तुमच्या मुलाकडेच वळून बघतं. मूल परत येताना "त्याला माझा शर्ट कसा दिसला?" असं विचारेल. मी तेव्हा "तुला काय वाटतं?" असं विचारतो आणि त्याचं उत्तर ऐकत गाडीपर्यंत जातो.

तिसरा नियम नावाचा. परदेशी माणसाला उच्चारता येणार नाही म्हणून मुलाचं नाव ऐन वेळी छाटू नका. अनिरुद्ध असेल तर अनिरुद्धच सांगू द्या, सावकाश, लागलं तर दोनदा. क्रशच्या तोंडून आपलं पूर्ण नाव ऐकल्यावर मुलाचा चेहरा जसा फुलतो तसा तो कापलेल्या नावाने फुलत नाही.

आणि हात वर करूनही पाळी आली नाही, असं होतंच. मुलं पुष्कळ, वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. त्याची कल्पना आधीच द्या.

सहावी पायरी: राक्षसांच्या खोलीत

इथे सूत्रधार एक डोळ्याचा हिरवा माइक वाझोव्स्की, आणि त्याच्यामागून एकेक विनोदी राक्षस पडद्यावर येतो. रांगेत असताना विनोद पाठवायचा फोन नंबर लावलेला दिसला तर तुमचा विनोद मेसेजने पाठवा, निवडक विनोद खेळात वाचले जातात. भारतातल्या सिमवरून पाठवू नका, रोमिंगचा भुर्दंड पडेल. यजमानाचा फोन वापरा. विनोद इंग्रजीत आणि दोन ओळींचा, प्रश्न आणि उत्तर असा हवा. मराठी कोट्या भाषांतरात मरतात. शाळकरी मुलांना असे विनोद तोंडपाठ असतात, त्यांनाच सांगा.

मग कॅमेरा फिरतो आणि कुणाला तरी गाठतो. एका पुरुषाला ते सुरुवातीलाच पकडतात आणि पूर्ण खेळभर पुनःपुन्हा त्याच्याकडे वळतात. या गृहस्थांनी सगळ्यांना चुरो (तळून साखरेत घोळवलेला गोड पदार्थ) खायला घालायचं कबूल केलंय, वगैरे. तो तुमच्या घरातला बाबा निघाला तर काय करायचं? आपल्याकडची माणसं इथे दोनपैकी एक चूक करतात. एकतर लाजून तोंड लपवतात, नाहीतर नटापेक्षा जास्त विनोदी व्हायला बघतात. दोन्हीने खेळ अडतो. या कलेचं मूलतत्त्व म्हणजे "हो, आणि". समोरच्याने जे मांडलं ते आधी मान्य करायचं, मग त्यात आपली चिमूटभर भर घालायची. चुरो देणार म्हणाले ना, मान डोलवा आणि रिकामा खिसा उलटा करून दाखवा. बस्स. सरळ, खरं उत्तर दिलंत तर हशा पिकवायचं काम नट करतो, तो त्याच कामासाठी तिथे बसलाय.

विचारलेल्या प्रश्नाला खरंच खरं उत्तर द्या. एकदा आमच्या ओळखीच्या काकूंना राक्षसाने विचारलं की तुम्ही काय काम करता. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आय मेक पापड." पापड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, काकूंनी दोन्ही तळहातांनी गोल करून, मग मोडल्याचा आवाज काढून दाखवलं. खोली हसली, आणि काकूंना कुणी हसलं नाही, काकूंच्या बरोबर हसले. या खेळांना कुटुंबासाठी म्हणतात ते एवढ्याचसाठी. अचकटविचकट बोलणं नाही, कुणाच्या रंगावर, अंगावर, बोलण्यावर वार नाही. उलट 1984 मध्ये मिलवॉकीत सुरू झालेल्या 'कॉमेडीस्पोर्ट्झ' या स्पर्धात्मक विनोदी खेळात तर नियमच आहे: नट असो की प्रेक्षक, अचकट बोलला की त्याच्या डोक्यावर कागदी पिशवी घालतात.

आजीसाठी भाषांतर

प्रत्येक वाक्याचं कानात भाषांतर करू नका. तुम्ही एका विनोदाचं सांगेपर्यंत दोन निघून जातात, आणि आजूबाजूच्यांनाही त्रास होतो. आत जाण्याआधी पात्रांची ओळख करून द्या आणि आत फक्त कुणाला काय विचारलं तेवढंच पुटपुटा. उरलेलं चेहऱ्यांवरून कळतं. माझ्या आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण पुढे बसलेल्या मुलांकडे बघून ती सगळ्यांच्या आधी हसते.

फोन खिशात ठेवा, निदान प्रश्नांच्या वेळी. फ्लॅश तर चालतच नाही. लहान बाळ अंधाराला घाबरून रडायला लागलं तर संकोच न करता बाहेर या, दार सांगायला कर्मचारी जवळच असतात.

ओरलँडोपलीकडे

दक्षिण कॅलिफोर्नियात असाल आणि उन्हाळा असेल, तर ब्युएना पार्क या गावातल्या नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कचा 'घोस्ट टाउन अलाइव्ह' शोधा. हा माझ्या मते सगळ्यांत धाडसी प्रकार आहे. वॉल्टर नॉट यांनी 1940 मध्ये उभारायला घेतलेलं जुन्या खाणगावाचं नेपथ्य, आणि 2016 पासून उन्हाळ्यात त्यात वावरणारे नट. शेरीफ, लोहार, टपालवाले. पडदा नाही, खुर्च्या नाहीत. तुम्ही रस्त्यावरून जाताना कुणीतरी तुमच्या मुलाच्या हातात पत्र देतं आणि अमक्याला पोचव म्हणतं. मूल पत्र घेऊन धावलं की खेळ सुरू. तिथे सकाळी लवकर जा, कारण दिवसभराची एकच गोष्ट असते आणि संध्याकाळी सगळे मिळून नाचतात. मोठ्या राइडसाठी वेगळा दिवस ठेवलेला बरा. याच पार्कातल्या बर्ड केज थिएटरमध्ये विनोदी नट स्टीव्ह मार्टिन तरुणपणी काम करत होते.

ओरलँडोत पार्कबाहेर, शहरात 'सॅक कॉमेडी लॅब' हे आयत्या वेळच्या विनोदाचं नाट्यगृह आहे. विनोदी नट वेन ब्रेडी यांची सुरुवात तिथली. पडदा नको, समोर माणूस हवा असेल आणि मुलं जराशी मोठी असतील, तर एक संध्याकाळ तिकडे ठेवा.

डिस्नेतल्या जिवंत नटांच्या मंडळ्या मात्र एकेक करून गेल्या. डिस्ने वर्ल्डमधल्या प्लेझर आयलंड या रात्रीच्या करमणुकीच्या भागातलं कॉमेडी वेअरहाउस 1989 ते 2008 चाललं. एप्कॉटच्या देशोदेशींच्या दालनांत रस्त्यावर खेळ करणारे वर्ल्ड शोकेस प्लेयर्स 2014 मध्ये थांबले, आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कात जुन्या जमान्यातले दिग्दर्शक-नट्या बनून फिरणारे सिटिझन्स ऑफ हॉलिवूड 2020 मध्ये. यंत्र एकदा बसवलं की वर्षानुवर्षं तेच करतं, नटाला रोज पगार लागतो. त्यामुळे यादीत "पुढच्या खेपेला बघू" असं लिहिताना मी हे दोन खेळ त्यात घालत नाही.

शेवटची पायरी वेळ उरली तरच. दिवसात दुसऱ्यांदा त्याच खोलीत जा. राइड दुसऱ्यांदा तीच असते, हा खेळ नसतो. मुलं वेगळी, प्रश्न वेगळे. पहिल्यांदा मांडीवरून न उतरलेलं मूल दुसऱ्यांदा स्वतःहून पुढे जाऊन खाली बसतं, आणि दिवे मंद व्हायच्या आतच त्याचा हात वर गेलेला असतो.